सत्तावीस नंबरचा दिवा

"माझा दिवा लागलाय," तो म्हणाला.

मी मान वर केली. माझ्या खिडकीच्या चौकटीत एक उंच माणूस उभा होता. केसांत, भुवयांवर, शर्टाच्या खिशाच्या काठावर कापसाचा भुगा... आणि आवाज इतका हळू, की मलाच पुढे वाकावं लागलं.

"मग फोन उचला ना," मी म्हणाले. "उचलायचा, आठ दाबायचं, निरोप ऐकायचा. ऐकून झाला की दिवा आपोआप मालवतो. परवा सगळ्यांना समजावून सांगितलंय."

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला — डोळ्यांकडे नाही, ओठांकडे, अगदी एकटक. मी तेव्हा बावीस वर्षांची. पहूरहून जळगावला मंदामावशीकडे राहायला आलेली, आणि असल्या नजरांना काय उत्तर द्यायचं ते मला चांगलं ठाऊक होतं.

"वर बघून बोला," मी सुनावलं.

त्याचे कान लाल झाले. क्षणभर त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं, पण नजर पुन्हा खाली ओठांवर आली. "काय निरोप शे?" त्यानं विचारलं.

पाचोऱ्याहून कापसाच्या दोन गाड्या चारपर्यंत येणार, एवढाच निरोप होता. मी तो सांगितला. त्यानं मान हलवली आणि उन्हात परत गेला. त्याचा दिवा मग मला माझ्या बोर्डावरून मालवावा लागला. हाच पितांबर पाटील, सोनगीरचा, आमच्या गोडाऊनचा सुपरवायझर. त्याच्या फोनचा नंबर सत्तावीस.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. नशिराबाद रोडला आमच्या शेठची जिनिंग-प्रेसिंग होती. कापसातून सरकी वेगळी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, गाठी गिरण्यांना पाठवायच्या. मी तिथली टेलिफोन ऑपरेटर. त्या हंगामात शेठच्या मुलानं पुण्याहून नवं मशीन आणलं. माणूस जागेवर नसला की त्याच्यासाठी निरोप भरून ठेवायचा, आणि त्याच्या फोनवरचा छोटा तांबडा दिवा लावायचा. अठ्ठावीस फोन, अठ्ठावीस दिवे, आणि सगळे माझ्या बोर्डावर ओळीनं दिसायचे. एकसष्ट दाबून नंबर दाबला की दिवा लागायचा, साठ दाबून नंबर दाबला की मालवायचा. मावशीच्या घरी दिवा 'विझव' म्हणण्याची सोय नव्हती, 'मालव' म्हणायचं. मी ऑफिसातही तेच म्हणायची. गोडाऊनवर जीनच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, घरघरीत फोनची घंटा ऐकू जात नसे, म्हणून शेठला त्या दिव्याचं फारच कौतुक होतं.

बाकी सत्तावीस जणांचे दिवे त्यांच्या त्यांच्या हातानं मालवायचे. पितांबरचा तेवढा माझ्या हातानं. दिवा लागला, की दहाव्या मिनिटाला तो अख्खं आवार ओलांडून खिडकीशी हजर.

माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणत. मुंबईचे व्यापारी उगाच दोन वाक्यं जास्त बोलत. म्हणून हा माणूस माझा आवाज मशीनमधून न ऐकता समोर येऊन ऐकतो, याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला. कुठली मुलगी लावणार नाही?

खरं सांगायचं तर मी मुद्दाम दिवे लावू लागले. ज्या गाड्यांचा निरोप काट्यावरच्या छगनभाऊंना दिला तरी चाललं असतं — वजनकाटा गोडाऊनला लागूनच होता आणि त्यांच्याकडेही तेच निरोप जायचे — त्याही गाड्यांसाठी सत्तावीस नंबरचा दिवा लागायचा. खानदेशात आम्ही दिसेल त्याला भाऊ म्हणतो. ऑफिसात सगळे माझे भाऊ होते. त्याला भाऊ म्हणायला मात्र जीभ वळेना, मी आपली 'पाटील' म्हणायची.

माझ्या खिडकीची काच सरकवताना भयंकर कुरकुरायची. एक दिवस तो हातात तेलाची कुपी घेऊन आला, खाचेत चार थेंब सोडले आणि काच मागेपुढे करून पाहिली. मी म्हटलं, इतके महिने कुणाला सुचलं नाही, तुम्हाला कसं कळलं?

"काच सरकवताना तुम्ही दरवेळी दात आवळता," तो म्हणाला.

"माझ्या तोंडाकडे फार लक्ष असतं तुमचं."

"असतं," तो म्हणाला, अगदी सरळ. लाजला नाही की हसला नाही. मीच खाली पाहिलं आणि उगाच बोर्डावरची धूळ पुसत बसले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

महिनाअखेरीला मशीनमधून एक यादी निघायची. शालिग्राम नाना, आमचे हेडक्लार्क, ती घेऊन माझ्याकडे आले. नाना मूळचे पहूरचेच, माझ्या वडिलांच्या ओळखीतले, आणि माझी नोकरी त्यांच्याच शब्दावर लागलेली. त्यांनी यादीवर बोट ठेवलं. सत्तावीस नंबर : आलेले निरोप एक्केचाळीस. ऐकलेले, शून्य.

"पोरी, हा मुलगा एक्केचाळीस वेळा तुझ्या खिडकीशी उभा राहिला," नाना म्हणाले. "लोकांना डोळे आहेत. मला तुझ्या वडिलांना तोंड दाखवायचंय." ते रागावले नव्हते, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. उद्यापासून खिडकीशी कुणी यायचं नाही, निरोप मशीनमधूनच घ्यायचे, आणि ऑपरेटरनं कुणाचाही दिवा आपल्या हातानं मालवायचा नाही, असा त्यांनी हुकूम काढला. पितांबरलाही बोलावून सांगितलं. तो नानांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, 'बरं' म्हणाला आणि गेला.

पुढचे चार दिवस खिडकी रिकामी. त्याच्या फोनवर दोन निरोप गेले, दोन्ही वेळा दिवा त्याच्या हातानं मालवला. म्हणजे शिकला एकदाचा, मी मनाशी म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, साडेदहाला धुळ्याच्या गिरणीतून फोन आला, की तिथे अचानक संप झालाय, आज गाठी पाठवू नका. मी गोडाऊनला फोन लावला, कुणी उचलला नाही. छगनभाऊ पहूरला एका लग्नाला गेलेले. मग मी सत्तावीस नंबरवर निरोप भरला. ट्रक सोडू नका, संप आहे, ऐंशी गाठी गोडाऊनमध्येच राहू द्या... एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण समोर कुणी नव्हतं, मशीन चालू होतं, आणि चार दिवस घशात अडकलेलं सगळं बाहेर आलं.

"...आणि पाटील, अजून एक. तुम्ही खिडकीशी येत नाही, तर दुपार सरत नाही. मी असं कुणाला कधी बोलले नाही. तुमच्या मनात तसं असेल, तर उद्या या. नानांचं मी बघून घेईन."

एकसष्ट... सत्तावीस... दिवा लावला. अकरा वाजून दहा मिनिटांनी बोर्डावरचा तो तांबडा ठिपका मालवला. त्यानं ऐकलं होतं!

दुपारी तो आवारातून गेला. मला पाहून नेहमीसारखीच मान हलवली — जशी तो हमालांना पाहूनही हलवतो. दुसऱ्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले. खिडकीशी कुणी आलं नाही. काच मी उघडीच ठेवली होती.

इतकं बोलल्यावर माणूस निदान 'नाही' तरी म्हणतो. मी स्वतःला आणि त्याला मनातल्या मनात इतकी नावं ठेवली, की मावशीनं विचारलं, पोट दुखतंय का.

त्याच बुधवारी संध्याकाळी बातमी आली. ऐंशी गाठींचा ट्रक मंगळवारी बारालाच धुळ्याला सुटला होता. बंद गिरणीच्या फाटकाशी दुसऱ्या दिवसापर्यंत उभा राहिला, आणि त्यावर अवकाळी पाऊस कोसळला. ताडपत्री फाटली, निम्म्या गाठी भिजल्या. शेठनं यादी मागवली. यादीत स्वच्छ छापलेलं होतं, सत्तावीस नंबरनं निरोप अकरा वाजून दहा मिनिटांनी ऐकला. ऐकूनही ट्रक सोडला, म्हणजे मस्ती. शुक्रवारी अकराला शेठसमोर हजर राहायचं, निरोप सगळ्यांसमोर लावायचा आणि त्याला घरी पाठवायचं, असं ठरलं.

निरोप सगळ्यांसमोर लावायचा... त्यात माझं बोलणंही होतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी पहिल्यांदाच गोडाऊनकडे गेले. त्याला झापायलाच गेले होते. कालच्या पावसाचा चिखल सगळीकडे, ओल्या रुईचा वास. तो माझ्याकडे पाठ करून ताडपत्र्या मोजत उभा होता. त्याच्या मागून एक ट्रक मागे मागे येत होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. हमाल बाजूला झाले. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला, लांबलचक, माझ्या दातांपर्यंत झिणझिण्या गेल्या. पितांबरनं मानसुद्धा वळवली नाही.

मी धावले. बाही धरून त्याला ओढलं, आणि आम्ही दोघं चिखलात गुडघ्यांवर पडलो. ट्रकचं चाक तो उभा होता त्या जागेवरून गेलं.

तेल घातलेली काच, हळू आवाज, ओठांवरची नजर, एक्केचाळीस निरोप... सगळं एका दमात माझ्यापुढे उभं राहिलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

त्यानं माझ्या ओठांवरून ते वाचलं. आधी हसायचा प्रयत्न केला, मग तो सोडून दिला.

"उजवा कान पार गेला. डाव्यानं ढग गडगडले तर कळतं," तो म्हणाला. "नऊ हंगाम जीनमध्ये काढले. समोर माणसाचं तोंड असलं की समजतं मला. फोनला तोंड कुठे असतं? आठ दाबतो, कानाला लावून धरतो. दिवा गेला की समजायचं, निरोप संपला."

हळू बोलायची सवय त्यानं लावून घेतली होती, कारण आपला आवाज किती मोठा निघतो ते त्याला कळत नसे. मी म्हटलं, हे शेठना सांगा. उद्याच्या उद्या सांगा.

"नको," तो म्हणाला, आणि मग ऑफिसातली भाषा सुटून त्याच्या तोंडी घरची अहिराणी आली. "बहिऱ्याले या आवारमा कोण ठेवी? मस्ती करी म्हणीसन काढं, तर दुसरीकडे काम मियी. बहिरा म्हणीसन काढं, तर कोठेच नही. सोनगीरले मनी मायलेबी माहीत नही. तुम्ही सांगू नका. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. माझ्या तोंडून शब्द निघणार नाही, म्हणाले. चिखल झटकत परत येताना मात्र एकच विचार डोकं कुरतडत होता. तो खिडकीशी यायचा, कारण त्याला ऐकू येत नव्हतं. बस. एवढंच. एक्केचाळीस वेळा मी ज्याला प्रेम समजले ती त्याची अडचण होती.

शुक्रवारी सकाळी नऊला मी बोर्डासमोर बसले. ऐकून झालेला निरोप मशीनमध्ये तीन दिवस राहायचा, त्याआधी पुसायचा असेल तर मी पुसू शकत होते. नव्वद आणि सत्तावीस. पुसला, तर माझी अब्रू वाचत होती, आणि रविवारी पाचोऱ्याची मंडळी मला बघायला येणार होती तीही सुखानं येणार होती. त्याचं मात्र काहीच वाचत नव्हतं, यादी त्याला घालवायला पुरेशी होती. आणि ठेवला, तर? माझं बोलणं शेठ ऐकणार, नाना ऐकणार, संध्याकाळपर्यंत पहूरला वडील ऐकणार. पण सगळ्यांबरोबर तोही तिथेच असणार होता. त्याच्या तोंडावर काय उमटतं — किंवा काय उमटत नाही — ते सगळे बघणार होते.

मी नव्वद दाबलं. बोट दोनच्या आकड्यावर टेकवलं. मग रिसीव्हर खाली ठेवला.

शेठच्या खोलीत शेठ, नाना, लग्नाहून परतलेले छगनभाऊ, पितांबर आणि मी. नानांनी स्पीकरचं बटण दाबलं. माझा आवाज खोलीभर झाला. ट्रक सोडू नका, संप आहे... नाना मान डोलावत होते. मग माझा आवाज अडखळला. "...आणि पाटील, अजून एक..."

नानांचा हात बटणाकडे गेला. "राहू द्या नाना," मी म्हणाले. "पूर्ण ऐका."

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत लांब अर्धं मिनिट. दुपार सरत नाही... कुणाला कधी बोलले नाही... तुमच्या मनात तसं असेल, तर उद्या या. छगनभाऊंनी तोंड भिंतीकडे वळवलं. शेठ टेबलावरच्या काचेत बघू लागले. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग पितांबरकडे.

पितांबर हात मागे बांधून सरळ उभा होता. शिक्षेची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा. त्यावर काहीही हललं नाही. माझा आवाज त्याच्यापासून दोन हातांवर त्याची विनवणी करत होता, आणि तो शेठच्या ओठांकडे बघत होता, ते कधी उघडतात म्हणून.

निरोप संपला. मग नाना उठून त्याच्या मागे गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पितांबर." तो वळला नाही. नानांनी पुन्हा हाक मारली, या वेळी त्यांचा आवाज फाटला.

"किती हंगाम जीनमध्ये होता हा?" शेठनी विचारलं.

"नऊ," नाना म्हणाले. "मीच ठेवला होता. मजबूत पोरगा, तक्रार करत नव्हता." त्यांनी खुर्चीचा आधार घेतला. पुढचं ते शेठशी हळू आवाजात बोलले, आणि मी नानांना कुणापुढे असं हात जोडून बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आवारात त्याला ठेवायचं नाही, ते खरंच धोक्याचं होतं. पण धुळ्याच्या खरेदी केंद्रावर रुईची प्रत बघायला माणूस हवा होता. धागा बोटांवर ओढायचा, डोळ्यांनी जोखायचा. त्या टेबलाशी कान लागत नाहीत. सोनगीरहून धुळं रोज येण्याजाण्यासारखं. शेठनी मान हलवली.

"सांग त्याला," नाना मला म्हणाले. "तुझंच कळतं त्याला. आणि वडिलांची काळजी करू नकोस, पहूरला मी स्वतः जाईन."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. सगळ्यांना कळलंय, पण काम गेलेलं नाही, सोमवारपासून धुळ्याला, असं सावकाश सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याखाली राग.

"तुम्ही शपथ घेतली होती," तो हळू म्हणाला.

"मी एक शब्द सांगितला नाही. मशीन बोललं, आणि यांनी तुमचं तोंड पाहिलं."

त्यानं एकेकाकडे पाहिलं. छगनभाऊंची पाठ, शेठची खाली गेलेली मान, नानांचे ओले डोळे... मग पुन्हा माझ्याकडे. "निरोपात काय होतं?"

खोलीतल्या सगळ्यांनी ते एकदा ऐकलं होतं. दुसऱ्यांदा त्यांना ऐकवायची माझी इच्छा नव्हती. मी आवाज बंद ठेवला आणि नुसते ओठ हलवले. तुम्ही येत नाही, तर दुपार सरत नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, मशीनमध्ये भरलं होतं तसंच. आणि शेवटी जे मशीनमध्ये नव्हतं तेही विचारलं, की पाटील, नुसतं ऐकू येत नाही म्हणूनच येत होता का?

त्याची नजर माझ्या ओठांवर होती. या वेळी मी 'वर बघा' म्हटलं नाही. शेवटचा शब्द झाल्यावर तो आपणहून वर बघायला लागला, थेट डोळ्यांत. आणि मग इतकी वर्षं सांभाळून ठेवलेला तो हळू आवाज विसरला.

"ट्रकना निरोप तर माले काट्यावर छगनभाऊबी सांगे," तो म्हणाला. "तरी बठ्ठं आवार वलांडीसन मी तुनाकडेच येत व्हतू."

शेठ दचकले. बाहेर काट्याशी उभे असलेले हमाल वळून खोलीकडे बघायला लागले. त्याचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.